कुकडीकाठची हातकुऱ्हाड व तिची प्रतिकृती

प्राचीन आयुधांच्या प्रतिकृती करू पाहणाऱ्यास युरोपात मूळ नमुन्यांची वाण पडत नाही. तेथील गुहांतून रेनडिअरच्या शिंगाच्या, पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वीच्या भालाफेकीच्या काठ्या मिळाल्या आहेत. जुन्नर-आंबेगावच्या कुकडी व घोड खोऱ्यांत लाकूड व शिंग कुजून जाते. मागे उरतो तो दगड. म्हणून येथे प्रतिकृती करावयाची ती हातकुऱ्हाडीची.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर व त्याच्या सान्निध्यात पुराणाश्मयुगीन हत्यारे आढळली. या राखेचे वय १९८९ साली सुमारे १४ लक्ष वर्षे सांगितले गेले. पुढे काही संशोधकांनी ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. हा वाद प्रतिकृतीने सुटणारा नव्हे. प्रतिकृतीतून कळते ती दगडाची प्रकृती.

आणि येथला काळा कातळ मोठा हट्टी! चकमकीचा दगड काचेसारखा फुटतो. बेसॉल्ट तसा फुटत नाही. प्रथम नदीतील मोठ्या गोट्यावर ठोका देऊन तो नादतो की बद्द वाजतो, हे पाहावे लागते. बद्द वाजणाऱ्यात बहुधा भेग असते. मग जड गोट्याच्या आघाताने मोठा छिलका काढावयाचा, व तोच हातकुऱ्हाडीचा कच्चा घाट. आघाताचा कोन ९० अंशांहून कमी हवा. तो तेवढा झाला की कड नुसती चुरडते. दोन्ही पृष्ठांवरून आळीपाळीने छिलके काढीत कड नागमोडी होत जाते. अखेरीस ती सरळ करण्यास मऊ आघातक लागतो. सांबराचे शिंग त्यास उत्तम. परंतु भीमाशंकरच्या अभयारण्यातून गळलेले शिंग उचलणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा खैर वा बाभळीचा घट्ट दांडका वापरावा.

खोल व्रण दिसला की दगडी आघातक, उथळ दिसला की मऊ, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. स्वतः घडवू लागल्यावर हा विश्वास डळमळतो, कारण दगडी आघातकही हलक्या हाताने उथळ व्रण उमटवितो. एखाद्या रीतीने प्रतिकृती साधली, एवढ्यावरून प्राचीन माणसाने तीच रीत वापरली असे सिद्ध होत नाही. ती शक्य होती, इतकेच ठरते. न साधली, तर दोष रीतीचा की नवशिक्या हाताचा, हा प्रश्न उरतोच. ‘स्टोन एज टूल्स’ हे डॉ. ह. धी. सांकलियांचे पुस्तक १९६४ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. त्यात हत्यारांच्या उपयोगांना त्यांनी ‘संभाव्य’ असेच विशेषण लावले आहे, ते अर्थपूर्ण होय.

हे काम प्रत्यक्ष स्थळी मात्र कदापि करू नये. एका हातकुऱ्हाडीमागे छिलक्यांचा ढीग पडतो. तो नदीकाठी राहिला, तर दोन-चार पावसाळ्यांनंतर ताजा पृष्ठभाग मळतो, आणि पुढचा सर्वेक्षक त्याचीच नोंद प्राचीन म्हणून करील. घडण दूर, गोणपाट अंथरून करावी. बारीक कपचाही वेचावा, आणि प्रत्येक प्रतिकृतीवर पुसली न जाणाऱ्या शाईने साल लिहावे.