साडेतीन गुणांचे सौंदर्य

बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १७ फेब्रुवारी २०२२ रोजी महिलांच्या फिगर स्केटिंगचा निकाल लागला आणि टीव्हीच्या पडद्यावर एक विचित्र दृश्य दिसले. रौप्यपदक मिळालेली रशियाची अलेक्झांड्रा त्रुसोवा धाय मोकलून रडत होती. पदक घ्यायला जायलाच ती तयार नव्हती. सुवर्णपदक जिंकलेली तिचीच सहकारी आन्ना श्चेर्बाकोव्हा बाजूला एकटी उभी होती. आणि तिसरी आलेली जपानची काओरी साकामोटो आनंदाने रडत होती.

त्रुसोवाचा संताप समजण्यासारखा होता. चार मिनिटांत तिने चार-चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या होत्या. अशा उडीला तिकडे ‘क्वाड’ म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये पाच क्वाड त्यापूर्वी कुठल्याही स्त्रीने केले नव्हते. त्या दिवशीचे सर्वाधिक गुण, १७७.१३, तिचेच होते. पण दोन दिवस आधीच्या छोट्या फेरीत ती पडली होती, आणि बेरीज करताना ते पडणे आडवे आले. साकामोटोने एकही क्वाड केला नाही. तिच्याकडे होता तो वेग, बर्फावरून लांबच लांब घसरत जाण्यातली सहजता आणि अडीच गिरक्यांची एक भलीमोठी, मोकळी उडी.

आयुष्यभर बँकेत आकड्यांच्या सोबतीत राहिल्यामुळे असेल, पण माझे लक्ष नर्तिकांपेक्षा गुणपत्रिकेकडेच अधिक गेले. तिथे दोन रकाने असतात. पहिला तांत्रिक करामतींचा, दुसरा सादरीकरणाचा. तांत्रिक रकान्यात त्रुसोवाला १०६.१६ गुण, साकामोटोला ७८.९०. फरक सत्तावीस गुणांहून अधिक. सादरीकरणात साकामोटोला ७४.३९, त्रुसोवाला ७०.९७. फरक साडेतीन गुणांचाही नाही! पाहणाऱ्या कोणालाही या दोघींच्या नृत्यातले अंतर जाणवले असते. कागदावर ते साडेतीन गुणांत मावले.

असे का होते? पहिल्या रकान्याला छत नाही. प्रत्येक उडीचा भाव दरपत्रकात छापलेला असतो. तिहेरी लुत्झ ५.९०, चौपट लुत्झ ११.५०. एक गिरकी वाढवा, भाव जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या रकान्याला मात्र छत होते. महिलांच्या मोठ्या फेरीत तेव्हा ८० गुणांचे. शिवाय सगळ्या चांगल्या खेळाडूंना परीक्षक थोड्याफार फरकाने सारखेच गुण देऊन मोकळे होतात. आमच्याकडच्या गोपनीय अहवालांत ‘वर्तणूक’ या रकान्यापुढे सगळ्यांच्या नावे ‘समाधानकारक’ लिहिलेले असे, त्यातलाच हा प्रकार. मग माणूस कष्ट कुठे करणार? शाखेला ठेवींचे उद्दिष्ट दिले की ३१ मार्चला ठेवी वाढतात. काउंटरवरच्या म्हाताऱ्या पेन्शनरशी दोन शब्द गोड बोलण्याचे उद्दिष्ट कधी कोणी दिले नाही.

२०१८ पर्यंतचे दरपत्रक तर याहून मजेशीर होते. चौपट लुत्झचा भाव तेव्हा १३.६० होता. उडी पुरी फिरून खेळाडू सपशेल आपटला, तर चार गुण कापायचे आणि पडल्याबद्दल आणखी एक. उरले ८.६०. आणि तिहेरी लुत्झ नीटनेटकी मारली तर ६! पडलेल्याला उभ्यापेक्षा जास्त मिळत होते. पुढे दंड वाढवला, भाव उतरवले, तेव्हा हा हिशेब सुधारला.

पण म्हणून जुन्या काळाचे गोडवे गावेत असे मला वाटत नाही. पूर्वी सहापैकी गुण असत. १९८४ साली सारायेव्होत टॉरव्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीने रावेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले आणि कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा दिले. असे प्रसंग आठवले की वाटते, तेच बरे होते. मात्र त्याच पद्धतीत २००२ साली सॉल्ट लेक सिटीत परीक्षकांच्या संगनमताचे प्रकरण उघडकीस आले आणि कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. सौंदर्याचा निर्णय माणसाच्या मर्जीवर सोडला की मर्जीचा बाजार भरतो. दरपत्रक आले ते त्या घोटाळ्यातून. ते निर्दयी आहे, पण निदान वाचता येते.

त्याची किंमत मात्र वेगळ्याच ठिकाणी चुकवली गेली. हवेत मिळतो जेमतेम पाऊण सेकंद. तेवढ्यात चार गिरक्या घ्यायच्या तर शरीर बारीक, अरुंद हवे. म्हणजे मुलगी वयात येण्याआधीचे. उतरताना एका पायावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. चौपट उड्यांचा भाव चढला तशी पदकवाल्या मुलींची वये उतरली. बीजिंगमध्ये त्रुसोवा आणि श्चेर्बाकोव्हा दोघीही सतरा वर्षांच्या होत्या आणि त्यांची सहकारी कामिला वालियेवा पंधराची. तिच्या उत्तेजक द्रव्याच्या चाचणीचे प्रकरण जगभर गाजले. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात औषध कसे गेले, हा प्रश्न कोणत्याही आईबापाला झोप लागू देणार नाही. त्याच वर्षी जागतिक संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचे ठरवले.

एकविसाव्या वर्षी कांस्यपदक मिळवलेली साकामोटो पुढे २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेती झाली. युक्रेनवरील आक्रमणामुळे रशियन मुलींना त्या स्पर्धांतून वगळले होते, हेही सांगायला हवे. त्या असत्या तर काय झाले असते, हा वाद रसिकांत चालत राहील.

या खेळात कोलांटउडीला बंदी होती. १९९८ साली नागानोत फ्रान्सच्या सूर्या बोनालीने ती बंदी झुगारून कोलांटउडी मारली आणि एका पायावर उतरली. परीक्षकांनी गुण कापले, ती दहावी आली. २०२४ मध्ये बंदी उठली. दरपत्रकात या उडीला आजही स्वतंत्र भाव नाही. तरी खेळाडू ती मारतात आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते.