घाट, चिखल आणि ॲव्हरेज : सातारा-सांगलीच्या जीपगाड्यांचा मागोवा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या टाकीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावत असे. २०२० साली बाजारात आलेल्या नव्या महिंद्र थारची टाकीही ५७ लिटरचीच आहे. अमेरिकन लष्कराच्या हिशेबाने भरल्या टाकीवर जुनी जीप ३०० मैल, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर जायची. लिटरला साडेआठ किलोमीटर झाले. नव्या डिझेल थारचा प्रमाणित चाचणीतला आकडा पंधराच्या आसपास आहे आणि घाटात तो बराच खाली येतो. पाऊणशे वर्षांत कार्ब्युरेटर गेला, पेट्रोलच्या जागी डिझेल आलं, इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला, तरी ॲव्हरेज चाचणीतसुद्धा दुप्पट झालं नाही. असं का झालं, याचं उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नीट सापडतं. इथे जीपला घाट, माळ, काळी जमीन आणि महामार्ग हे चारही रस्ते रोज भेटतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रने विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. आपल्याकडे जीप आली ती बहुतेक सरकारी कामाची गाडी म्हणून. १९५४ साली कोयना प्रकल्पाचं काम सुरू झालं, तेव्हा पाटणच्या पुढे हेळवाक-पोफळीच्या बाजूला डोंगर फोडायचा होता आणि माणसं, साहित्य, नकाशे वर न्यायचे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि पाच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. अशा प्रसंगी जिथे बस पोचत नव्हती, तिथे जीप पोचायची. तिच्या पेट्रोलचा हिशेब लॉगबुकात लिहिला जाई आणि पैसे सरकार भरी. गाडी पोचली की नाही एवढंच विचारलं जायचं, लिटरला किती गेली हा प्रश्न दुय्यम होता.

त्या जीपचं इंजिन २,२०० सीसीचं, चार सिलिंडरचं होतं आणि त्याचा कॉम्प्रेशन रेशो साडेसहा-सातच्या घरातला होता. हवा-पेट्रोलचं मिश्रण जितकं कमी दाबलं जाईल, तितकी जळलेल्या इंधनातून कमी ताकद मिळते. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर, कुठल्याही हवामानात चालावं म्हणून ते इंजिन तसं केलं होतं. मात्र गाडीचं वजन जेमतेम अकराशे किलो होतं आणि टायर अरुंद होते. त्या काळच्या इंजिनावर साडेआठचं ॲव्हरेज पडत होतं, त्याचं बरंचसं श्रेय या हलकेपणाला आहे.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. पेट्रोलवरची जीप खासगी माणसाला परवडेनाशी झाली. सत्तरच्या दशकातच महिंद्रने जीपमध्ये डिझेल इंजिन घातलं, तेही इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रावरचं डिझेल इंजिन आलं आणि एमएम ५४० ही जीप गावोगाव दिसू लागली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने मर्सिडीझच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन बसवून ट्रॅक्स काढली. डिझेल इंजिन हवा वीसपट आणि त्याहून जास्त दाबतं, हवेची वाट अडवणारी झडप त्यात नसते, शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते. या तिन्ही कारणांनी ॲव्हरेज एका उडीत वर गेलं. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्तही होतं. इथून आपल्या भागात जीपचा खरा विस्तार झाला आणि वडाप, म्हणजे खासगी जीपमधून प्रवासी नेणं, सुरू झालं.

कराड-पाटण, सातारा-मेढा, विटा-आटपाडी, जत-उमदी अशा वाटांवर एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी वडापने भरून काढली. ट्रॅक्स, कमांडर, मार्शल या गाड्या सीट भरल्याशिवाय हलत नसत. वडापवाल्याला डिझेल स्वतःच्या खिशातून भरावं लागे, त्यामुळे ॲव्हरेजचा अभ्यास या भागात कुणी मनापासून केला असेल तर त्याने. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर फोर-व्हीलची हौस सोडली. वडापच्या बहुतेक गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, टू-व्हील ड्राइव्हच्या असत. पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि पुढचे शाफ्ट यांचं वजन आणि घर्षण त्याने टाळलं. ज्यांच्याकडे फोर-व्हील होती, ते पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब बसवून घेत आणि डांबरी रस्त्यावर ते मोकळे ठेवत, म्हणजे पुढचे शाफ्ट विनाकारण फिरत नसत. काळा धूर दिसू लागला की पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला जात. माण-खटाव आणि जतच्या फुफाट्यात ऑईल बाथ एअर फिल्टरमधलं तेल वरचेवर बदललं जाई, कारण इंजिनाला हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळून धुरावाटे निघून जातं.

त्याच पिढीने काही घातक सवयीही लावल्या. खंबाटकी, कुंभार्ली, पसरणी, यवतेश्वर असे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करायचे. यात डिझेल वाचतं हा समज आजही गेलेला नाही. गिअरमध्ये गाडी उतरत असताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल जवळपास बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहतं आणि त्यासाठी डिझेल पितं. म्हणजे न्यूट्रलने बचत होत नाही, इंजिनाचा ब्रेक मात्र हातचा जातो. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. डिझेलमध्ये रेशनचं रॉकेल मिसळण्याचे प्रकारही सर्रास चालत. रॉकेलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी आणि वंगणाचा गुण त्याहून कमी, त्यामुळे पंपाचे नाजूक भाग झिजत आणि वाचवलेले पैसे पुढे पंप दुरुस्तीत जात.

या सगळ्यावर घाट किती खर्च टाकतो, ते सातारा ते कास या रस्त्यावर मोजून पाहता येतं. अंतर साधारण २५ किलोमीटर आणि चढाई जवळपास ५०० मीटरची. माणसांसह दोन टनांची गाडी ५०० मीटर वर उचलायला सुमारे ९८ लाख जूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६० लाख जूल असतात आणि त्यातले तीस टक्के चाकांपर्यंत पोचतात असं धरलं, तर निव्वळ उंची चढायला जवळपास एक लिटर लागतं. सपाटीवर लिटरला बारा देणाऱ्या गाडीला हे २५ किलोमीटर दोन लिटरांत व्हायला हवेत, चढामुळे तीन लागतात. ॲव्हरेज बारावरून आठवर येतं. गाडीत बिघाड काहीच नाही, ही उंचीची किंमत आहे. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, पण तीव्र वळणांवर ब्रेक लावून जे वाया जातं ते ड्रमला आणि डिस्कला तापवून हवेत विरतं. वळण दुरून ओळखून आधीच पाय उचलणारा चालक त्यातला मोठा भाग वाचवतो.

सांगलीच्या बाजूला चढ नाही, तिथे जमीन खाते. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची काळी माती पावसात चाकाला गोळ्यांनी चिकटते. चांगल्या डांबरी रस्त्यावर दोन टनांची गाडी लोटायला साधारण २५ किलोचा जोर पुरतो. मऊ चिखलात तोच जोर २०० किलोवर, कधी त्याच्याही पुढे जातो. चाक जागेवर घसरलं तर मीटर फिरतो, डिझेल जळतं आणि गाडी तिथेच राहते. चिखलात टायरमधली हवा थोडी कमी केली तर चाक पसरून वर राहतं आणि फायदा होतो, पण तीच कमी हवा घेऊन डांबरी रस्त्याला लागलं की टायर तापतो, झिजतो आणि ॲव्हरेज पडतं. लो-गिअरमध्ये तर किलोमीटरचा हिशेब लावूच नये. ट्रॅक्टरवाला तासाला किती लिटर असं मोजतो, तेच माप तिथे खरं.

२००० साली बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. त्याच दशकात पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला आणि ग्रामसडक योजनांमधून वाड्या-वस्त्यांपर्यंत डांबर पोचू लागलं. कॉमन रेल तंत्राने डिझेल अतिशय बारीक तुषारांत, नेमक्या क्षणी फवारलं जाऊ लागलं. रस्ता आणि इंजिन दोन्ही सुधारले. आता ॲव्हरेज झपाट्याने वाढायला हवं होतं, पण तेवढं वाढलं नाही. चौकोनी बांध्याच्या गाडीला हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो छप्पन्न टक्क्यांनी वाढतो. खराब रस्त्यामुळे जी जीप ताशी पन्नासने जायची, ती गुळगुळीत रस्त्यावर शंभरने धावू लागली आणि रस्त्याने दिलेलं वेगाने परत घेतलं. वजन अकराशे किलोवरून पावणेदोन टनांपर्यंत गेलं, ताकद ६० अश्वशक्तीवरून १३० वर. सुरक्षेसाठी वाढलेलं वजन समर्थनीय आहे, बाकीचं मात्र आपण आपल्या आवडीने वाढवलं.

२०१० मध्ये पहिली आणि २०२० मध्ये दुसरी थार आल्यावर ही आवड आणखी ठळक झाली. रुंद आणि खोल नक्षीचे टायर, वर उचललेलं सस्पेन्शन, टपावर कॅरिअर आणि दिव्यांची रांग. यातली प्रत्येक गोष्ट लिटरमागे काही ना काही घेते. मोठ्या टायरमुळे मोजणीही चुकते. चाकाचा घेर सात टक्क्यांनी वाढला तर मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतो आणि गाडी आहे त्यापेक्षा जास्त पिते असं वाटतं. म्हणून टायर बदलल्यावर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर एकदा ताडून पाहावा आणि ॲव्हरेज नेहमी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असंच काढावं.

पेट्रोल गाडी घेणाऱ्यांसमोर आता इथेनॉलचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरचाच आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा साखर कारखाना असो, साखराळ्याचा राजारामबापू असो, या पट्ट्यातला ऊस इथेनॉलकडे वळला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिश्रणाचं (ई-२०) २०३० चं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं आणि गाठलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालाने जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट धरली होती. २०२५ मध्ये सरकारने ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घट होईल असं सांगितलं. शेतकऱ्याला मिळणारा पैसा महत्त्वाचा आहेच. पण एका लिटरमधली ऊर्जा कमी झाली असेल, तर ते पंपावर दरफलकाशेजारी स्पष्ट लिहिलं पाहिजे.

पाऊणशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर माझं मत ठाम आहे. इंजिन बनवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी कमावलेली बचत आपण वजन, वेग आणि टायरवर खर्च केली. शिवाय आपण मापच चुकीचं धरलं. लिटरला दहा किलोमीटर जाणाऱ्या वडापमध्ये बारा माणसं असतील, तर एका लिटरवर १२० माणसं एकेक किलोमीटर जातात. लिटरला बारा जाणाऱ्या थारमध्ये दोघेच असतील, तर चोवीसच. सीटपेक्षा जास्त माणसं कोंबण्याचं समर्थन मी करणार नाही, त्यात अनेकांचे जीव गेले आहेत. पण इंधनाच्या काटकसरीत ती खडखडणारी गाडी आजच्या दिमाखदार गाडीच्या कितीतरी पुढे होती.

कांदाटी खोऱ्यातली वाट, कृष्णा-वारणेच्या पुरातली मदत, चांदोली-कोयनेच्या जंगलातली गस्त इथे फोर-व्हील गाडी पिते तेवढं डिझेल तिला खुशाल द्यावं, ती त्याचं मोल फेडते. तुमची गाडी मात्र सातारा-कराड-सांगली डांबरी रस्त्यावरच फिरणार असेल, तर टू-व्हीलची आणि हलकी गाडी घ्या. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा, रिकामा कॅरिअर उतरवून ठेवा, महामार्गावर ताशी ऐंशीच्या आत राहा, घाट गिअरमध्येच उतरा आणि रिकाम्या सीटवर शेजाऱ्याला बसवा. आणि कास-चाळकेवाडीच्या सड्यांवर चाकं घालू नका. तिथला मातीचा थर बोटभर असतो, आणि तो एकदा उखडला की कितीही इंधन जाळून परत आणता येत नाही.