दुर्मिळ विघटनाचा माग

केऑन या अल्पायुषी कणाच्या एका विघटनात पायॉन आणि न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनोची जोडी निर्माण होते. सिद्धांतानुसार शंभर अब्ज केऑनांमागे असे साधारण आठ वेळाच घडते. हे भाकीत बरेच अचूक असल्याने प्रत्यक्ष मोजणीत मोठी तफावत आढळल्यास ती अज्ञात कणांची चाहूल ठरेल.

अडचण अशी, की न्यूट्रिनो यंत्रणेला दिसतच नाहीत. म्हणून जिनिव्हाजवळील 'सर्न'मधील 'एनए-६२' प्रयोगाची आखणी 'नको ते वगळत जाणे' या तत्त्वावर झाली. तेथील झोतातून सेकंदाला सुमारे ७५ कोटी कण जातात. त्यांत केऑन अवघे सहा टक्के. प्रत्येक केऑन आणि त्यापासून निघालेला पायॉन यांचा मार्ग, संवेग व वेळ ताडून पाहिली जाते. निऑन वायूचा शोधक पायॉन व म्युऑन यांतील फरक ओळखतो. द्रवरूप क्रिप्टॉनचा शोधक फोटॉन टिपतो. सोबत फोटॉन आढळला, की ती घटना बाद!

२०१६ ते २०२२ या काळातील नोंदींतून अशा ५१ घटना उरल्या. त्यांपैकी सुमारे १८ इतर प्रक्रियांच्या असाव्यात, असा अंदाज आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेले प्रमाण शंभर अब्जांत १३ आहे. अनिश्चितता सुमारे तीनची. भाकिताहून ते अधिक आहे. पण नव्या कणांचा दावा करण्याइतके नाही.