पैसे गेले, पण पोहोचले का?

सुरतेच्या नवागामात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या मंडळींच्या पाकिटाची जागा आता मोबाईलने घेतली आहे. परवा किराणा दुकानात आम्ही मोबाईल यंत्रावर टेकवला. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराकडे पावती निघेना. मागे उभी असलेली एक कामगार भगिनी म्हणाली, "गुरुजी, तुमची ही गत, तर आमच्या रोजंदारीचे काय?" तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोबाईल व यंत्र यांचा हा संवाद जेमतेम चार सेंटिमीटरच्या अंतरात चालतो. तो जुळेना, तर प्रथम मोबाईलचे कुलूप उघडावे. 'एनएफसी' चालू आहे ना, पैसे देण्याचे ॲप नेमलेले आहे ना, हे सेटिंगमध्ये पाहावे. जाड किंवा धातूचे आवरण काढून मोबाईलची पाठ यंत्रावर क्षणभर स्थिर धरावी.

पैसे कापले गेले असतील, तर घाईने दुसऱ्यांदा देऊ नयेत. आधी खाते तपासावे, व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, कार्डाने वा यूपीआयने दुकानात दिलेली रक्कम अशी अडकल्यास ती पाच दिवसांत परत जमा व्हावयास हवी. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळते. पैसे परत मिळवून देतो म्हणून कोणी पिन मागितल्यास मात्र तो मुळीच सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आमची रक्कम तिसऱ्या दिवशी परत आली. त्या भगिनीस आम्ही एवढेच सांगितले, "ताई, मोबाईल असू द्या, पण पदराच्या गाठीला दोन नोटाही असू द्या."