हिवाळ्यातील सण, मुले आणि कविता

डिसेंबर उजाडला की अनेक शाळांतून नाताळची तयारी सुरू होते. कागदी चांदण्या, गव्हाणीचा देखावा, लाल टोपीचा नाताळबाबा हे सारे मुलांना आवडते. परंतु शेजाऱ्याचा सण केवळ सजावटीपुरता कळला, तर तो खऱ्या अर्थाने कळला असे म्हणता येत नाही. सणामागील श्रद्धा, ऋतू आणि माणसे मुलांपर्यंत पोहोचविण्याचे साधे व प्रभावी साधन म्हणजे कविता, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

महात्मा गांधी १९३६ साली तेव्हाच्या शेगावी राहावयास आले. १९४० साली गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र, संस्कृत श्लोक, कुराणातील आयती, पारशी प्रार्थना व भजने यांना स्थान आहे. या साऱ्यांची सरमिसळ करून एकच प्रार्थना बनविलेली नाही. प्रत्येकीची भाषा आणि लय राखली आहे. ‘सगळे सण सारखेच’ असे मुलांना सांगणे सोपे असते. परंतु त्यामुळे कोणताच सण नीट समजत नाही, आणि ज्याच्या घरचा तो सण आहे त्या मुलाला आपले काही पुसले गेल्यासारखे वाटते.

काव्य एका घरातून दुसऱ्या घरी कसे जाते, याचे उदाहरणही येथेच सापडते. गांधीजींना प्रिय असलेले ‘लीड काइंडली लाइट’ हे स्तोत्र जॉन हेन्री न्यूमन यांनी १८३३ साली समुद्रप्रवासात रचले. पुढे ते कॅथलिक झाले, कार्डिनल झाले आणि २०१९ साली संतपदाला पोहोचले. नरसिंहराव दिवेटिया यांच्या गुजराती रूपांतराच्या द्वारे हे स्तोत्र आश्रम भजनावलीत आले.

हिवाळ्यातील सणांत अशी सामग्री विपुल आहे. इराणमध्ये वर्षातील सर्वांत दीर्घ रात्री, म्हणजे यल्दाच्या रात्री, कुटुंबे एकत्र बसून डाळिंबे खातात व हाफिजच्या कविता वाचतात. यहुदी बांधव हनुक्काच्या आठ संध्याकाळी रोज एक दिवा वाढवीत जातात. पंजाबात लोहडीला मुले दारोदार गाणी म्हणत फिरतात. आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ असतो. प्रभू येशूच्या जन्माची कथा तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीतच सांगितली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आजीच्या जात्यावरच्या ओवीचे नाव ऐकलेल्या मुलाला हा नाताळ परका वाटणार नाही.

हे शिकवावे कसे? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. हाताच्या कामातून ज्ञान मिळावे, हे तिचे सूत्र. तेच येथे उपयोगी पडते. मुलांनी आधी तीळ भाजावेत, वात वळावी, चांदणी बांधावी. मग त्या सणाची कविता शक्यतो मूळ भाषेत ऐकावी, नंतर अर्थ समजून घ्यावा. शेवटी प्रत्येकाने आपल्या घरच्या हिवाळ्यावर चार ओळी लिहाव्यात. त्यांत कापसाची वेचणी येईल, हुरडा येईल, मध्यरात्रीची मिस्साही येईल.

एक पथ्य मात्र पाळावे. दुसऱ्याची प्रार्थना आदराने ऐकणे वेगळे आणि ती आपली म्हणून म्हणावयास लावणे वेगळे. सक्ती कोणावरही नसावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगितले, तेव्हा स्वतःची श्रद्धा सैल करण्यास सांगितले नव्हते.

पालकांनी व शिक्षकांनी यंदा नाताळगीतांबरोबर शेजारच्या घरातील एक तरी कविता मुलांच्या कानी घालावी. ती निवडण्यासाठी त्या घरच्या माणसांनाच विचारावे. मुलांचे शिक्षण त्या विचारण्यापासूनच सुरू होईल.