निपाणीची पंचवीस मिनिटे

व्यापारी वितरणाच्या साखळीबाहेर राहून चित्रपट दाखवणारे, त्यांच्या प्रती सांभाळणारे आणि त्यांच्याभोवती नाटक, चित्रकला, व्याख्यान अशा इतर कलांना जागा देणारे स्वतंत्र केंद्र आपल्या परिसराला काय देते, हा प्रश्न बेळगाव-निपाणी सीमाभागात विचारायचा झाला, तर 1982 साली निपाणीत तयार झालेल्या एका मराठी माहितीपटाचा प्रवास पाहिला पाहिजे. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे त्याचे नाव असून तो सुमारे पंचवीस मिनिटांचा, कृष्णधवल आणि 16 मिलिमीटरच्या फितीवर चित्रित केलेला आहे. दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या गटाने तो केला. स्त्रियांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या या गटाने 1980 नंतरच्या मोजक्या वर्षांत चार चित्रपट केले, त्यांतला पुण्यातील घरकामगार स्त्रियांवरचा ‘मोलकरीण’ हाही मराठीतच आहे.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी बाजारपेठ. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी येथे पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले, आणि त्यामुळे निपाणीचे नाव देशभर पोचले. मात्र शेतातून वखारीत आलेला माल कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि त्याची धूळ दिवसभर छातीत घेणाऱ्या स्त्रियांचे संघटन हा त्याच गावाचा दुसरा आणि तुलनेने कमी सांगितला गेलेला इतिहास आहे. छाया दातार यांनी या स्त्रियांच्या संघटनेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधी युगांतरचा कॅमेरा वखारीच्या आत पोचला होता. गटातील मंडळी सुमारे चार महिने या कामगार स्त्रियांच्या सहवासात राहिली, त्यांच्याकडून कामाच्या अटी, मजुरी, मालकाची वागणूक आणि संघटना बांधताना आलेले अडथळे ऐकून घेतले, आणि काय दाखवायचे हे त्या चर्चांतून ठरत गेले. म्हणून या चित्रपटातील स्त्रिया कोणाच्या अभ्यासाचा विषय म्हणून समोर येत नाहीत, स्वतःची हकिगत सांगणाऱ्या म्हणून येतात, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

असा चित्रपट तयार झाला तरी त्याला नेहमीच्या चित्रपटगृहात जागा नव्हती. त्याची वाट वेगळी होती, आणि ती समजण्यासाठी 16 मिलिमीटर या मापाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. चित्रपटगृहातील 35 मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी रुंदीची ही फीत 1923 साली बाजारात आली. ती प्रथमपासूनच सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटच्या पट्टीवर बनत असल्याने तिच्यासाठी अग्निरोधक यंत्रकक्षाची गरज नसे, आणि तिचा प्रक्षेपक एका माणसाला उचलून नेता येई. सेकंदाला 24 चौकटी या वेगाने एका मिनिटाला 36 फूट फीत लागते, म्हणजे पंचवीस मिनिटांचा चित्रपट सुमारे 900 फुटांच्या एकाच रिळात मावतो. एक रीळ, एक प्रक्षेपक, भिंतीवर ताणलेली चादर आणि विजेची जोडणी एवढ्यावर कामगार संघटनेच्या कार्यालयात किंवा वस्तीच्या चौकात खेळ होऊ शके. युगांतरचे चित्रपट असेच स्त्री-संघटना आणि कामगार संघटनांमधून फिरले. खेळानंतरची चर्चा हा त्या खेळाचाच भाग मानला जाई.

या मापाचा दोषही त्याच ॲसिटेटमध्ये आहे. उष्ण आणि दमट हवेत ही पट्टी रासायनिकदृष्ट्या मोडू लागते, तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, डब्याचे झाकण उघडताच शिरक्याचा आंबट वास येतो, पट्टी आकसते, वाकडी होते आणि शेवटी यंत्रातून जाण्याजोगी राहत नाही. शिवाय एका डब्यात सुरू झालेली ही क्रिया शेजारच्या डब्यांनाही लागते. पश्चिम घाटाच्या पावसाळ्यात पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या प्रतीचे आयुष्य त्यामुळे बेभरवशाचे असते. चित्रपट दाखवणे जितके दृश्य काम आहे तितकेच तो सांभाळणे अदृश्य आहे, आणि स्वतंत्र केंद्राची खरी कसोटी या दुसऱ्या कामात लागते.

निपाणीच्या या चित्रपटाच्या बाबतीत ते काम बर्लिनमधील ‘आर्सेनाल’ या संस्थेने केले. 1963 मध्ये चित्रपटप्रेमींच्या एका मंडळाच्या रूपात ही संस्था सुरू झाली आणि 1970 च्या जानेवारीत तिने स्वतःचे लहान चित्रपटगृह उघडले. सोव्हिएत दिग्दर्शक दोव्झेंको यांच्या याच नावाच्या 1929 च्या चित्रपटावरून चित्रपटगृहाला हे नाव मिळाले. बर्लिन महोत्सवातील ‘फोरम’ हा विभाग 1971 पासून तिच्याकडे आहे. दाखवलेल्या चित्रपटाची प्रत परत पाठवून विसरून जाण्याऐवजी, शक्य तेथे ती आपल्या संग्रहात ठेवायची ही तिची रीत, आणि त्यामुळे जगभरातील अनेक लहान चित्रपट तेथे टिकून राहिले. युगांतरच्या चित्रपटांचे डिजिटल पुनरुज्जीवन याच संस्थेने हाती घेतले. पुनरुज्जीवन म्हणजे प्रत तपासणे, फितीच्या कडेची फाटलेली छिद्रे जोडणे, धूळ काढणे, प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे टिपणे, उजेड-सावलीचा तोल जुन्या प्रतीशी ताडून बसवणे आणि ध्वनिपट्टी स्वच्छ करणे. पंचवीस मिनिटांत अशा 36,000 चौकटी असतात. निपाणीच्या वखारीतील स्त्रियांचे चेहरे आज स्पष्ट दिसतात, ते एका दूरच्या शहरातील स्वतंत्र चित्रपटगृहाने हे काम आपले मानले म्हणून, आणि ही गोष्ट सीमाभागाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी आहे.

असे केंद्र मोठ्या शहरातच उभे राहू शकते, असे मात्र नाही. निपाणी ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकातच, शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या सुपारीच्या बागांमधल्या लहानशा गावी, 1949 मध्ये ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था स्थापन झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी तिला आकार दिला, 1972 मध्ये तिचे शिवराम कारंत रंगमंदिर उभे राहिले आणि 1973 मध्ये तिच्यातच चित्रपट मंडळ सुरू झाले. बागायतदार, शेतमजूर आणि शाळकरी मुले यांच्यापुढे ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ यांसारखे चित्रपट दाखवताना सुब्बण्णांनी प्रेक्षकाला कमी लेखले नाही. कन्नडमधून प्रस्तावना, पुस्तिका आणि रसास्वाद शिबिरे यांच्या साहाय्याने त्यांनी परक्या भाषेतील चित्रपटापर्यंतची वाट बांधून दिली. चित्रपटाचा रसास्वाद म्हणजे कथा कळण्यापलीकडे दृश्य कोठून घेतले आहे, ते कोठे तोडले आहे, आवाज कोठे थांबतो याकडे लक्ष द्यायला शिकणे. पुण्याच्या चित्रपट संस्थेतील प्राध्यापक सतीश बहादुर यांनी हे शिक्षण देशभर नेले आणि हेग्गोडूही त्यांच्या वाटेवर होते. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बेळगाव-निपाणीकडे या कामासाठी लागणारी पुष्कळ सामग्री आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचे आहे. टिळकवाडीतील वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे, म्हणजे नाटक आणि चित्रकला एका छपराखाली आणण्याची कल्पना येथे नवी नाही. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटरवर आहे, आणि तेथे बाबूराव पेंटर यांच्या नावाने चालणारी फिल्म सोसायटी आहे. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारे, नफा न कमावणारे मंडळ. 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली अशा मंडळांचा भारतीय महासंघ झाला. या मार्गाने आजही थोडक्या पैशांत सुरुवात करता येते, कारण प्रक्षेपकाची जागा आता डिजिटल यंत्राने घेतली आहे आणि रिळाची ने-आण उरलेली नाही.

सीमाभागातील केंद्रावर एक अधिकचे काम पडते. वखारीत मराठी आणि कन्नड बोलणारे हात शेजारी काम करत आले आहेत, तेव्हा या मराठी चित्रपटाला कन्नड उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणारा अनुवाद, आणि कन्नड माहितीपटाला मराठी उपशीर्षके देणे हे तेथे सौजन्यापुरते राहत नाही, प्रेक्षकगृह भरण्याची ती पहिली अट ठरते. त्याहून मोठे काम बर्लिनला कधीच करता येणार नाही असे आहे. पुनरुज्जीवित प्रतीत चेहरे आहेत, पण ते कोणाचे, मागे दिसणारी वखार कोणत्या गल्लीतली, हातातल्या चाळणीचे नाव काय, त्या दिवशी काम कशासाठी थांबले होते, याची उत्तरे निपाणीतच मिळू शकतात, आणि 1982 मध्ये तिशीत असलेल्या स्त्रिया आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना समोर बसवून चित्रपट थांबवत थांबवत दाखवणे, त्या जे सांगतील ते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करणे आणि ती नोंद प्रतीसोबत कायमची जोडून ठेवणे, हे काम एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात, एका पडद्यावर आणि एका ध्वनिमुद्रण यंत्रावर या वर्षी सुरू होऊ शकते.