रिपोर्ट 'निगेटिव्ह', तरी पिल्लं का गेली?

ऐकायला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी या आठवड्याचा भाग लिहून देतोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हा विषय घरातूनच आला.

मावशीची लॅब्रेडोर, राणी, गाभण होती. कुत्रीचे दिवस साधारण ६३. राणी पन्नासाव्या दिवसाच्या आसपास गाभडली. रक्त तपासलं, रिपोर्ट आला 'ब्रुसेला निगेटिव्ह'. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या हीटला त्याच नराशी पुन्हा मेटिंग लावलं आणि पुन्हा तेच झालं. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "टेस्ट कुठली केली होती?"

टेस्ट होती रोज बंगाल, म्हणजे गाईम्हशींसाठी वापरतात ती. आणि घोळ तिथेच होता.

ब्रुसेला हे एका जिवाणूचं नाव नाही, ते आख्ख्या खानदानाचं आडनाव आहे. गाईत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्यामेंढ्यांत मेलिटेन्सिस, डुकरांत सुइस. कुत्र्यांचा वेगळा आहे, ब्रुसेला कॅनिस. १९६० च्या दशकात अमेरिकेत बीगल कुत्र्या एकामागून एक गाभडायला लागल्या, तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातल्या लीलँड कारमायकेल यांनी तो शोधून काढला.

आता फरक बघा. अबॉर्टसच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या लांब साखळ्या असतात. रोज बंगाल टेस्ट मुख्यतः त्या साखळ्यांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. कॅनिसच्या अंगावर त्या साखळ्याच नाहीत. मग त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होणार कुठून? आमच्या भाषेत सांगायचं तर, जी फील्ड रेकॉर्डमध्येच नाही ती तपासून कोड म्हणतो, 'एरर नाही.' टेस्ट खोटं बोलली नाही, तिला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

मग कॅनिस ओळखायचा कसा? एक, साखळ्या नसलेल्या जिवाणूचं अँटिजेन वापरणारी रक्ताची टेस्ट. ही कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, म्हणून दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. शिवाय संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून पुन्हा करायची. दोन, कल्चर. रक्तातून किंवा स्रावातून जिवाणू वाढवायचा. सापडला तर पक्का पुरावा. पण तो रक्तात कधी असतो, कधी नसतो, त्यामुळे सापडला नाही म्हणजे सुटलो असं नाही. तीन, पीसीआर. जिवाणूच्या डीएनएचे ठरावीक तुकडे तपासून हा खानदानातला नेमका कोण ते कळतं.

इथे गंमत अशी की हे भाऊबंद जनुकांनी इतके सारखे आहेत की १९८५ मध्ये सगळ्यांना मिळून एकच प्रजाती म्हणा असा प्रस्ताव आला होता. पुढे शास्त्रज्ञ पुन्हा वेगळ्या नावांकडे वळले. कारण कोण कुठल्या प्राण्यात राहतो, माणसाला किती त्रास देतो, हे नावावरून कळायला हवं. २०२० मध्ये तर ऑक्रोबॅक्ट्रम नावाचा, बहुतेक करून मातीपाण्यात राहणारा गटही ब्रुसेलात घालायचा प्रस्ताव आला आणि बरेच डॉक्टर वैतागले. लॅबच्या मशीन आधीच या दोघांत गोंधळतात!

राणीच्या नव्या तपासणीत कॅनिस निघाला. हा जिवाणू पेशींच्या आत दडून बसतो, त्यामुळे अँटिबायोटिक देऊनही तो पूर्ण गेला याची खात्री देता येत नाही. राणीची नसबंदी केली, औषधं चालू झाली, ब्रीडिंग कायमचं बंद. नराच्या मालकांनाही कळवलं, कारण वीर्यातून आणि लघवीतूनही हा पसरतो.

आणि मावशी? तिने दोन्ही वेळा उघड्या हातांनी सगळं साफ केलं होतं. कॅनिस माणसालाही होतो, आणि माणसांची नेहमीची ब्रुसेला टेस्टही त्याला पकडत नाही! तिच्या डॉक्टरांना हे आम्ही स्वतःहून सांगितलं. सुदैवाने ती ठणठणीत आहे.

तर मंडळी, मेटिंगआधी नर-मादी दोघांची तपासणी करा. कुत्री गाभडली तर ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावू नका, आणि पडलेला गर्भ फेकून न देता नीट बंद करून डॉक्टरांकडे न्या. कारण प्रत्येक वेळी ब्रुसेलाच असेल असंही नाही. आणि रिपोर्टवर 'निगेटिव्ह' दिसलं की विचारा, "कशासाठी निगेटिव्ह?"

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा!